चित्र न काढणारी माणसं

गणपतीच्या सुट्टीहून हॉस्टेलला परतल्यावरचा पहिला रविवार. आम्ही चौघं नेहमीप्रमाणे भाट्याच्या पुळणीवर गेलो होतो. ओहोटी होती. आधीचे दोन दिवस पाऊस चांगला झोडपून गेलेला, त्यामुळे काजळी नदीने खाडीवाटे बरंच सामान समुद्रात नेलं होतं आणि समुद्राने त्यातलं निम्मं परत आणून टाकलं होतं. सुरूच्या बनाच्या खाली, पाण्याच्या रेषेवर, एक डाव्या पायाची स्लीपर, नारळाचं सोडण, बाहुलीचा एक हात आणि चक्क एक न फुटलेला बल्ब. सगळं शेजारी शेजारी, जणू कोणी मांडून ठेवलंय.

माझा रूममेट म्हणाला, "काय कचरा झालाय!"

मी म्हणालो, "हा सरिअलिझम आहे."

एम-थ्री राहिल्याचा परिणाम डोक्यावर झालाय की काय, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. (एम-थ्री सुटला आहे, हे जाता जाता नमूद करतो.)

तिथे सुरू झालेला वाद मेसमध्ये ताट धुवेपर्यंत चालला. त्याचं म्हणणं एवढंच, की चित्र काढणारा माणूस एक वेळ समजू शकतो. पण दुसऱ्याने काढलेल्या चित्रांचा आयुष्यभर अभ्यास करायचा, ती कुठल्या भिंतीवर, कशाच्या शेजारी लावायची हे ठरवायचं, याला करिअर म्हणतात? काम काय केलं त्याने? मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख. मेसमधला वाद मासिकात आणल्याबद्दल संपादक मंडळाने माफ करावं.

आधी सरिअलिझमबद्दल थोडं, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा चित्रकलेशी संबंध इंटरमिजिएटच्या परीक्षेला संपतो, आणि तोही दहावीच्या वाढीव मार्कांपुरताच असतो. मराठीत याला अतिवास्तववाद म्हणतात. आंद्रे ब्रेताँ नावाच्या कवीने १९२४ साली पॅरिसमध्ये याचा जाहीरनामा लिहिला. हा गृहस्थ मुळात मेडिकलचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात मानसिक धक्का बसलेल्या सैनिकांच्या वॉर्डात त्याने काम केलं होतं, फ्रॉइड वाचला होता. स्वप्नात जशा दोन असंबद्ध गोष्टी बिनदिक्कत शेजारी येतात आणि तरी आपल्याला त्यांचा अर्थ लागतोय असं वाटतं, तसं जागेपणी लिहिता-रंगवता येईल का, हा त्यांचा खटाटोप होता. ही मंडळी एक खेळ खेळायची. कागदाच्या घड्या घालायच्या, एकाने डोकं काढायचं, घडी मिटून दुसऱ्याकडे द्यायची, त्याने न बघता धड काढायचं, तिसऱ्याने पाय. अप्लाइड मेकॅनिक्सच्या तासाला शेवटच्या बाकावर हा खेळ आजही चालतो. खेळणाऱ्यांना तो पॅरिसहून आलाय हे माहीत नसतं, एवढंच.

साल्व्हादोर दालीची वितळणारी घड्याळं बहुतेकांनी पोस्टरवर पाहिलेली असतात. ते १९३१ चं मूळ चित्र फक्त २४ बाय ३३ सेंटिमीटर आहे. म्हणजे आपल्या जर्नलच्या पानापेक्षा जेमतेम बोटभर मोठं! मी हे वाचलं तेव्हा दहा मिनिटं गप्प बसलो होतो. इतकी वर्षं मी ते भिंतीएवढं समजत होतो.

आणि माझ्या रूममेटसारख्या लोकांसाठी एक आकडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात रेने माग्रितचं एक चित्र १२ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेलं. रुपयात हजार कोटींहून जास्त. हे ऐकल्यावर त्याने ताट धुणं थांबवलं. पण हा आकडा सांगून मी वाद जिंकतोय असं मला वाटत नाही, उलट मुद्दा निसटतो. किंमत चित्राला आली. ते चित्र कधीचं, कोणाकडून कोणाकडे गेलं, त्याच्या इतर आवृत्त्या कोणत्या, ते खरं कशावरून, हे ज्यांनी वर्षानुवर्षं पत्रं आणि पावत्या वाचून लिहून ठेवलं, त्यांची नावं बातमीत नसतात.

अशा माणसांपैकी एकीचं नाव सांगतो. डॉन अदेस. नाव वाचून मलाही आधी मुंबईतलं काहीतरी प्रकरण वाटलं होतं, पण या बाई आहेत, ब्रिटिश, जन्म १९४३. ऑक्सफर्डला आणि मग लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या, एसेक्स विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं. १९७४ साली दादा आणि सरिअलिझमवर छोटं पुस्तक, १९८२ साली दालीवर. पण मला त्यांच्या कामातलं सगळ्यात आवडलं ते १९७८ चं लंडनच्या हेवर्ड गॅलरीतलं प्रदर्शन. सरिअलिस्टांचं प्रदर्शन म्हटल्यावर कोणीही मोठमोठी गाजलेली चित्रं गोळा करून टांगली असती. अदेसबाईंनी सगळी मांडणी त्या लोकांच्या मासिकांभोवती केली. हो, मासिकं! हा अंक हातात धरून झोपायच्या तयारीत असलेल्यांनी जरा सावरून बसावं.

त्याचं कारण साधं आहे. ही चळवळ चित्रांच्या दुकानात वाढली नाही, ती स्वस्त कागदावरच्या, थोड्या प्रतींच्या, बंद पडणाऱ्या मासिकांत वाढली. त्यांचं १९२४ साली निघालेलं पहिलं मासिक तर मुद्दाम एका लोकप्रिय विज्ञान-मासिकाच्या धर्तीवर छापलं होतं, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की आत वाफेच्या इंजिनावर लेख असेल, आणि आत माणसांची स्वप्नं! चित्र कोणत्या मजकुराशेजारी छापलं, खाली काय ओळ घातली, समोरच्या पानावर कशाचा फोटो, हे कळल्याशिवाय त्या चित्राचा अर्धा अर्थ हरवतो. हे सिद्ध करायला मासिकंच लागतात. आणि मासिकं ही जगातली सगळ्यात लवकर रद्दीत जाणारी वस्तू आहे. २००६ साली त्याच गॅलरीत 'दोक्युमाँ' या एकाच मासिकावर उभं केलेलं मोठं प्रदर्शन झालं, तेही अदेसबाईंच्याच पुढाकाराने. ते मासिक १९२९-३० मध्ये जेमतेम पंधरा अंक चाललं होतं. पंधरा अंक! आपलं मासिकसुद्धा त्याहून जास्त चाललंय.

मधल्या काळात १९८९ चं लॅटिन अमेरिकेच्या कलेचं प्रदर्शन, नंतर दालीच्या जन्मशताब्दीचं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, २०१७ मध्ये, दाली आणि द्युशाँ एकत्र. पन्नास वर्षं एकाच विषयाशी राहणं म्हणजे काय हे आपल्याला कळणं अवघड आहे. आपण सहा महिन्यांनी सेमिस्टर बदलणारी माणसं.

"ते लंडनमध्ये. इथे काय?" हा रूममेटचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता.

इथे प्रभाकर बरवे. कोकणातलेच. जन्म १९३६, अलिबागजवळचं नागाव. म्हणजे त्यांच्याही लहानपणी दाराशी पुळण, सुरू आणि नारळ. शिल्पकार वि. पां. करमरकर त्यांच्या नात्यातले. बरवे जे. जे. ला शिकले आणि मग विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, तिथे वीसएक वर्षं काढली. त्यातली सुरुवातीची काही वर्षं बनारसला. म्हणजे दिवसभर हातमागाची डिझाइनं करून उरलेल्या वेळात हा माणूस चित्रं काढत होता. ती चित्रं अशी, की रिकाम्या मोठ्या जागेत एक घड्याळ, एक पान, एक किल्ली, एक ढग. प्रत्येक वस्तू एकटी, आणि तरी एकमेकींशी काहीतरी बोलणं चालू आहे असं वाटावं. तैलरंगाऐवजी एनॅमल वापरायचे, तोच, जो आपल्याकडे खिडकीच्या गजांना लावतात. १९९० साली 'मौज'ने त्यांचं 'कोरा कॅनव्हास' प्रसिद्ध केलं. चित्रकाराने स्वतः मराठीत, चित्र कसं सुचतं यावर लिहिलेलं असं पुस्तक क्वचितच. १९९५ साली ते गेले, एकोणसाठाव्या वर्षी.

आता गंमत बघा. बनारसनंतरच्या चित्रांमुळे कोणी त्यांना 'तांत्रिक' म्हटलं, नंतरच्या चित्रांमुळे कोणी 'सरिअलिस्ट'. ही लेबलं सोयीची असतात. बाटलीवर चिकटवली की आत काय आहे ते उघडून बघावं लागत नाही. पुळणीवर मी तेच केलं होतं, हे कबूल करतो. समुद्राने टाकलेली स्लीपर आणि बल्ब म्हणजे सरिअलिझम नव्हे, कारण ते कोणी निवडलेलं नाही. त्याच न्यायाने राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जो अठराएक मीटर लांबीचा हत्ती कातळात कोरलाय, ज्याच्या अंगात मासे आणि इतर प्राणी भरलेत, त्याला कोणी 'कोकणचा सरिअलिझम' म्हणायला लागलं तर त्याला थांबवलं पाहिजे. कोरणाऱ्याच्या मनात काय होतं ते आपल्याला माहीत नाही. ही कातळशिल्पं गावोगाव हिंडून शोधणारे, नोंदवणारे आणि वाचवण्यासाठी धडपडणारे सुधीर रिसबूड हे मूळचे इंजिनीअर आहेत, हे मात्र आपल्या शाखांच्या सगळ्या एचओडींनी एकदा नोटीस बोर्डावर लावावं. २०२२ साली ती शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

बरव्यांकडे परत येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. क्युरेटर होत्या जेसल ठक्कर. त्यांच्या 'बोधना' या संस्थेने 'कोरा कॅनव्हास' इंग्रजीत आणलं, गायतोंड्यांवर मोठा ग्रंथ काढला. बरव्यांच्या प्रदर्शनात नुसती चित्रं नव्हती, त्यांच्या डायऱ्या, टिपणं, कच्ची रेखाटनं होती. यामुळे काय फरक पडतो? डायरी शेजारी आली की 'सरिअलिस्ट' हे लेबल आपोआप सैल होतं. हा माणूस स्वप्नं रंगवत नव्हता, तो वस्तू आणि अवकाश यांचा हिशोब मांडत होता, जवळजवळ आपल्यासारखा, असा संशय येतो. कोणी पटो वा न पटो, पण हा वाद घालता येतो तो डायरी समोर आहे म्हणून. चित्रकाराच्या मागे ती वही कोणीतरी उघडली, वाचली, जपली. हेच ते 'काम', मित्रा.

तेव्हा मी शाळेत होतो, प्रदर्शन पाहिलेलं नाही. पण उद्घाटनाच्या दिवसाची, ८ फेब्रुवारीची, बातमी घरी टीव्हीवर पाहिल्याचं आठवतं. अमोल पालेकर बोलायला उभे राहिले (ते स्वतः जे. जे. ला चित्रकला शिकलेले, हे 'गोलमाल'मुळे आपण विसरतो). संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्या मोडून कोणाचं प्रदर्शन करायचं ते आता दिल्लीत ठरणार का, असा प्रश्न ते विचारत होते आणि भाषण मध्येच अडवलं गेलं. दोन दिवस चॅनेलांवर आरडाओरडा झाला. पुढे त्याच संग्रहालयात सुधीर पटवर्धन आणि मेहली गोभाई यांचीही प्रदर्शनं झाली, तेव्हा सगळं बुडालं असं कोणी म्हणू नये. पण भांडण मूळ कशावरून होतं? भिंतीवर कोणाला जागा द्यायची हे कोणी ठरवायचं, यावरून. म्हणजे माझा रूममेट ज्याला काम मानत नाही, बरोबर त्याच कामावरून. आणि इतक्या गोंधळात बरव्यांच्या चित्रांबद्दल कोणी दोन वाक्यं बोललं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. माझं स्पष्ट मत: ज्याने विषय पंचवीस वर्षं वाचलाय त्याने ठरवावं, आणि कोणत्या कारणाने ठरवलं ते लेखी द्यावं. ते दिल्लीत बसून करतो की गिरगावात, ही दुसरी गोष्ट.

आता जरा तांत्रिक. हे काम म्हणजे फक्त रसिकता, असा समज असेल तर ही आकडेमोड बघा. कागदावरचं चित्र संग्रहालयात ५० लक्सच्या आसपास प्रकाशात ठेवतात, तैलचित्र २०० पर्यंत. प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. रोज आठ तास, नव्वद दिवस, ५० लक्स, म्हणजे ३६,००० लक्स-तास. भाट्याच्या पुळणीवर दुपारी बाराचं ऊन साधारण एक लाख लक्स. म्हणजे तीन महिन्यांच्या प्रदर्शनाचा कोटा पुळणीवर बावीस मिनिटांत संपतो! आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे चढउतार नको. आपल्याकडे जुलैत कपाटातल्या सर्टिफिकेटवर बुरशी येते, बेल्टला हिरवी लव येते, तिथे पन्नास टक्के म्हणजे सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स या तिन्ही शाखांना पुरेल एवढा प्रोजेक्ट आहे. लोक फायनल इयरला अजूनही लाइन फॉलोअर रोबो करतात. असो.

शिकायचं कुठे, असं कोणी विचारलं तर बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात कलेतिहासाचा जुना विभाग आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि कलावस्तू-संवर्धन शिकवतात. लखनौला संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, तिथे तर केमिस्ट्री-फिजिक्सवालेच लागतात. पॅकेज विचारू नका. मला माहीत आहे ते चांगलं नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी एवढं लांबण लावलं.

जूनमध्ये लायब्ररीमागच्या स्टोअररूमची कौलं बदलायची म्हणून तिथलं सामान बाहेर काढलं. त्यात आपल्याच मासिकाचे जुने अंक होते, सुरुवातीच्या वर्षांपासूनचे. काहींची मुखपृष्ठं आपल्याच वर्कशॉपमध्ये बनवलेल्या स्क्रीनवर हाताने छापलेली आहेत. एका अंकाच्या मलपृष्ठावर एका विद्यार्थ्याने गिअरबॉक्सच्या सेक्शनल व्ह्यूमध्ये दातांऐवजी माणसांची तोंडं काढली आहेत. शाई पसरली आहे, पण चित्र जबरदस्त आहे. कोणी काढलं ते लिहिलेलं पान भिजून चिकटलंय. हा गठ्ठा 'निर्लेखित कागद' म्हणून रद्दीच्या वजनात धरला होता. यात कोणाची वाईट बुद्धी नव्हती. स्टोअरवाल्या काकांनी यादीत जे लिहिलं होतं ते केलं. यादीत 'ठेवायचे' असा रकानाच नव्हता.

रेक्टर सरांच्या परवानगीने मी त्यातले सतरा अंक उचलले. सध्या ते माझ्या कॉटखाली पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, पानांमध्ये कोरे कागद घालून, ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून (इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधून, सांगून आणलेल्या). गेले दोन महिने संध्याकाळी मी त्यांची नोंदवही करतोय. वर्ष, पानं, मुखपृष्ठ कशाने छापलं, आत चित्रं किती, कोणाची, पान कुठे फाटलंय. रूममेट आधी हसला. मग एके दिवशी त्याने विचारलं, की गिअरबॉक्सवाल्याचं नाव दुसऱ्या कुठल्या अंकात सहीवरून सापडतंय का. आम्ही तिघं रात्री दीड वाजेपर्यंत सह्या ताडत बसलो होतो. एक सही जुळतेय असं त्याला वाटतं. मला नाही वाटत. 'र' ची गाठ वेगळी आहे.

अकरा अंक अजून मिळायचे आहेत. जुन्या विद्यार्थ्यांकडे, किंवा इथेच नोकरी करून निवृत्त झालेल्या कुणाच्या माळ्यावर असतील. असतील तर मूळ प्रत द्यायची गरज नाही, स्कॅन करून परत करू. मे महिन्यात मी हॉस्टेल सोडतोय आणि ट्रंकेला जागा हवी आहे. लायब्ररीत पश्चिमेची भिंत सोडून कुठलंही एक कोरडं कपाट चालेल, आणि किल्ली कोणाकडे राहील ते लिहून ठेवायला हवं. नोंदवही पुढे चालवायला सेकंड इयरमधलं कोणी तयार असेल तर खोली क्रमांक १४, मेस सुटल्यानंतर.